शून्यापाशी

कोपरखैरण्याला, तिसऱ्या मजल्यावर,
ओट्याचा उजवा कोपरा
इंदूनं मला शनिवारपुरता दिलाय.
अट एकच: सोल्डरचा धूर खिडकीबाहेर.

पहिला बोर्ड मे महिन्यात गेला.
एका ट्रान्झिस्टरखाली अभ्रकाची चकती राहिली होती,
पोस्टाच्या तिकिटाएवढी, पापुद्र्यासारखी.
फट् झालं. दोन दिवस वरणाला तो वास.
इंदू म्हणाली, चकत्या मी बसवत जाईन.
बसवते. पांढरी पेस्ट बोटानं सारखी करते,
जखमेला मलम लावायची तिची जुनीच सवय.

आता शंभराचा बल्ब सिरीजमध्ये.
स्विच दाबला की भपकन उजळतो, मग मावळतो.
मावळला तर सगळं ठीक.
उजळलेलाच राहिला तर हात मागे.
दिवा गेल्यावर बरं वाटावं
असं हे एवढंच काम मी करतो.

ट्रान्सफॉर्मर रबाळ्याच्या फर्ड्यांनी गुंडाळून दिलाय.
"किती वॅट?" "पंधरा."
"लग्नात लावणार?" "नाही, घरात."
त्यांनी चष्म्यावरून बघितलं,
चाळीस रुपये कमी घेतले.

लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर उचलतो,
खालचा दुसरा.
दोघंही ताकदीचे, पण हाक थोडी मोठी लागते,
अर्ध्या व्होल्टच्या आत कुणीच हलत नाही.
म्हणून ऐन शून्यापाशी,
एक निघून गेलेला आणि दुसरा यायचा असताना,
लाट मोडते.
मोठ्या आवाजात ते खपून जातं.
हळू लावलं की मात्र
भातात खडा लागावा तसं लागतं.

मी दुसऱ्या पाळीला, तुर्भ्याच्या रंग कारखान्यात.
ती रात्रपाळीला, वाशीच्या इस्पितळात.
ती साडेआठला निघायची,
मी साडेअकराला पोचायचो.
मधले तीन तास मृण्मयी
शेजारच्या रॉड्रिग्जबाईंच्या सोफ्यावर,
दप्तर मांडीवर घेऊन, झोपायचं नाही असं ठरवून.

मग मी पहिली पाळी मागून घेतली. भत्ता गेला.
संध्याकाळी दारात ती चप्पल घालायची, मी काढायचो.
कधी दहा मिनिटं, कधी त्याहून कमी.
डाळ भिजत घातलीय.
तिला खोकला आहे, आइस्क्रीम मागेल, देऊ नकोस.
एवढंच.

बायस म्हणजे काय, असं इंदूनं परवा विचारलं.
मी म्हटलं, काही वाजत नसतानाही
दोघांनी थोडं थोडं चालू राहायचं.
"मग वीज फुकट जाते की."
जाते. पत्रा कोमट होतो.
"किती कोमट?"
हात ठेवून बघ.

तर आज ती मीटरपाशी, मी स्क्रूड्रायव्हरपाशी.
प्रिसेट शेवटपर्यंत मागे फिरवलेला.
एक फेरा. "शून्य."
आणखी दोन. "शून्यच आहे रे."
अर्धा. "तीन... सात... हळू, अकरा."
मिलिव्होल्ट, असं ती म्हणत नाही,
नाडी मोजल्यासारखी नुसते आकडे सांगते.

थांबायचं. वीस मिनिटं तापू द्यायचं.
चौदावर जातो, आणि माझा जीव वर.
उष्णता वाढली की प्रवाह वाढतो,
प्रवाह वाढला की उष्णता,
आणि मग पुन्हा मे महिना.
पण पत्र्याला चिकटवलेला तिसरा, छोटा ट्रान्झिस्टर
ताप ओळखतो, दोघांना आवरतो.
"तेरा. बारा. बाराच."
तिनं चहा टाकला.

बल्ब काढला. स्पीकर जोडला.
कान जाळीला टेकवले दोघांनी,
तिचा डावा, माझा उजवा कान.
काहीच नाही. घरघर नाही, सूंसूं नाही.
खाली कुणी रिक्षावाल्याशी सुट्ट्यांवरून भांडतंय
ते तेवढं नीट ऐकू आलं.

"चालू आहे ना नक्की?"
इनपुटच्या मोकळ्या तारेला बोट लाव.
तिनं पदराला हात पुसून
एक बोट लावलं,
आणि कपबश्या थरथरतील एवढा
घुं.

तिनं हात मागे घेतला. शांत.
पुन्हा लावला. घुं.
"कोण आहे हे?"

तूच.
भिंतीतल्या तारांची वीज
तुझ्या अंगात भरून असते, ती.

"इतकी वर्षं?" ती म्हणाली,
आणि बोट काढलं नाही.