खोड

शनिवार. साउना तापलाय, पण आज आत आम्ही नाही.
आत वरच्या फळीवर, जुन्या वर्तमानपत्रावर
बंदुकीचा दस्ता निजलाय एकटा
आणि घाम गाळतोय.
तपकिरी, चिकट, मेणचट घाम.
कुठल्याशा गोदामात कुणी शिपायाने
बादलीभर ग्रीसमध्ये बुचकळली होती ही बंदूक,
पुन्हा लढाई लागलीच तर हाताशी असावी म्हणून.
दर वीस मिनिटांनी मी आत जाते,
फाटक्या बनियनने पुसते,
बाहेर येऊन बर्फात हात धुते. वास जात नाही.

तांब्याची खाण बंद पडली त्या वर्षी
वडिलांनी ती हुह्ताच्या दुकानातून आणली.
पिंपात फावडी उभी करतात तशा उभ्या होत्या म्हणे;
अठरा डॉलर, आणि काडतुसांची चामडी पिशवी फुकट.
नळीवर झारचा गरुड, अर्धा घासलेला.
शेजारी चौकटीत दोन अक्षरं, फिन्लंडच्या सैन्याची.
म्हणजे एका बर्फात हिची तोंडं दोन्हीकडे झालेली.
दिल्या घरी सुखी.

डुलुथहून आर्विदचा फोन:
"हात लावू नकोस. आहे तशी ठेवलीस तर दुप्पट किंमत येईल.
इतिहास आहे तो."
वडील गेल्यापासून अकरा वर्षं
इतिहास पाणी तापवायच्या टाकीमागे उभा होता,
तेव्हा फोन आला नव्हता.
मी म्हटलं, बोल्टचा दांडा कापून झालाय.
पलीकडे बराच वेळ फक्त त्याच्या दुकानातला रेडिओ.

सरळ दांडा दुर्बिणीला आडवा येतो, एवढंच कारण.
ओला फडका गुंडाळला, ज्योत लावली,
कापला, वाकवून पुन्हा जोडला. सांधा बरा जमलाय,
अगदी सुबक नाही.
मागची पट्टी काढली. तिच्यावर दोन हजारांपर्यंत आकडे होते.
दोन हजार पावलांवर
माणूस कुठला आणि झाड कुठलं, कुणाला कळत असेल?
आमचं हरीण सफरचंदाखाली येतं,
ऐंशीवर. कधी साठ.

नवा दस्ता काळा, प्लॅस्टिकचा, खोक्यातून आला.
हलका. मागे रबराची गादी,
आणि लांबी कमीजास्त करायला तीन चकत्या.
तिन्ही काढल्या. सेल्मा पंधराची आहे, हात आखूड,
माझ्यासारखे.

जुन्याच्या बुडाची पोलादी पट्टी सोडवली तेव्हा
आत लाकडावर खुणा निघाल्या. एकोणीस.
आर्विदला फोटो पाठवला. त्याचं उत्तर: माणसं.
शेजारचे काउको म्हणाले, हरणं, तुझा बाप मोजायचा.
पण वडिलांनी ती पट्टी कधी उघडलीच नव्हती,
स्क्रूवर गंज होता.
मला वाटतं दिवस असतील. किंवा उधार घेतलेल्या सिगारेटी.
मी बोट फिरवून पुन्हा मोजल्या. एकोणीसच.

रविवारी खडीच्या खाणीत नेली.
सेल्माने गाल टेकवला, डोळा दुर्बिणीला,
श्वास अर्ध्यावर थांबवला, शिकवला होता तसा.
चाप. कागदाला भोक, मधोमध नाही, पण कागदाला.
मग बोल्ट अडकला.
नवा दस्ता, नवी दुर्बीण, नवा दांडा,
आणि आत ती जुनीच.
मी पुढे होणार तेवढ्यात
सेल्माने तळहाताच्या टाचेने खालून एक टोला दिला,
मनगट थोडं बाहेर वळवून.
बोल्ट सुटला. पितळी टरफल बर्फात पडून चरचरलं.
हे मी तिला शिकवलं नव्हतं.
ती चार वर्षांची होती तेव्हा वडील गेले.
"कुठे पाहिलंस?"
"काय?" तिने विचारलं, आणि दुसरी गोळी भरली.

जित्याची खोड, आई म्हणायची, मेल्याशिवाय जात नाही.
कुणाची, ते तिने सांगितलं नव्हतं.

दस्ता मी जाळला नाही. आर्विदला हवा असेल तर नेईल.
तोवर साउनाच्या कोपऱ्यात उभा आहे, बादलीशेजारी.
पुसून पुसून कोरडा केलेला.
तरी दर शनिवारी, दगडावर पाणी मारलं की,
आम्ही दोघी टॉवेल गुंडाळून बसलेल्या असतो
आणि त्या खोडातून
एक तपकिरी थेंब
सावकाश खाली येतो.