रिकामी दांडी

ती तांबडी चकती परत ठेव, लेउपोलू.
दुसऱ्या बाजूचीही काढ.
दांडी राहू दे नुसती. वीस किलो.
हसू नकोस.
उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं नसतं हे.

पाय आधी. खुब्यांएवढं अंतर.
दांडी नाड्यांच्या गाठीवर यायला हवी,
नडगीपासून दोन बोटं. बस्स.
लांब उभा राहिलास की ती तुला पुढे ओढणार,
आणि पुढे ओढला गेलेला माणूस
पाठीनं किंमत मोजतो.

आता वाक. पाठीतून नाही रे, खुब्यातून.
ढुंगण मागे ने,
अंधारात खुर्ची चाचपणाऱ्यासारखं.
छाती बंदराकडे. तुझ्या जर्सीवरचा आकडा
मला इथून वाचता आला पाहिजे.
श्वास पोटात. शहाळं कसं असतं,
आत गच्च, बाहेर टणक, तसं पोट.

आणि उचलू नकोस.
जमीन खाली ढकल,
हे सगळं बेट समुद्रात वीतभर बुडव.
दांडी येईल आपसूक, नडगी घासत, मांडी घासत.
खरचटलं तर खरचटू दे.
गुडघे! आत पडतायत गुडघे.
शुक्रवारी तो एकशेचाळीस किलोचा पोरगा अंगावर येईल
तेव्हा मी नसेन ओरडायला.

तुझा भाऊ विचारत होता,
कॉलेजवाले किती किलो बघतात.
बघतात.
याच कंटेनरमध्ये, असाच पत्रा तापलेला,
कारखान्याकडून टुनाचा वास येत होता असाच,
यूटाहून एक माणूस आला होता, वही घेऊन.
मी दोनशे वीस लावले.
आदल्या आठवड्यात एकशेनव्वद जड गेले होते,
पण वही समोर होती ना.
मी वहीकडे बघत राहिलो, पाठीकडे नाही.

आवाज फार बारीक आला.
ओल्या दोराचा एक पदर तुटावा, एवढाच.
त्या माणसानं पान उलटलं.

आता रोज पहाटे कामावर जायच्या आधी
फिलीफिली माझ्यासमोर खाली बसते
आणि माझ्या बुटांच्या नाड्या बांधते. दुहेरी गाठ.
सव्वीस वर्षं.
कधी काही बोलली नाही. मीच छताकडे बघतो.

असो. पुन्हा.
पाय, खुबे, श्वास, ढकल.
हं. हे बरं होतं.
हे एकच बरं होतं आज सकाळपासून.

टाकतोस काय?
ठेवणं हेसुद्धा उचलण्यातच येतं.
आलास त्याच वाटेनं खाली जा,
मांडी, नडगी, नाड्या.

ऐक. घंटा झाली.
गावात सांजप्रार्थना सुरू, रस्त्यावर कुणी हलणार नाही आता.
दांडी टेकव. आवाज नको.
डोकं खाली.

प्रार्थना झाली की आणखी चार.
चकत्यांकडे बघू नकोस, दिसतंय मला.