पाणसळ

धरणगावला, जिनिंगच्या आवारात,
नेत्रतपासणीची गाडी उभी होती लिंबाच्या अर्ध्या सावलीत.
रोहिदास कोळी, ड्रायव्हर, फोनवर म्हणाला होता,
"छत गळतंय, शकीलभाई. आजच या."
मे महिना. पारा सेहेचाळीस.
आभाळात ढगाची चिंधीसुद्धा नाही.
म्हटलं, ऊन याला लागलंय की मला?

आत वर्षाताई बडगुजर
काचांची पेटी ओढणीने झाकून उभ्या,
खुर्चीशेजारी स्टीलचा डबा,
डब्यात टप्,
मग बराच वेळ काही नाही,
आणि माणूस बेसावध झाला की पुन्हा टप्.
केसरबाई धनगर हनुवटी यंत्रावर ठेवून बसलेल्या.
"डोयामा पानी पडनं ना, दादा," म्हणाल्या,
"मोतीबिंदू धोवाई गया का काय?"
कोणी हसलं नाही, म्हणून त्याच हसल्या.

टपाचा पत्रा तव्यासारखा.
ओलं गोणपाट टाकून गुडघे टेकले.
झाकणाचे सहा स्क्रू निघाले, दोन गंजून रुसलेले,
त्यांना तेल पाजून थांबलो.
आत ट्रे तुडुंब,
आणि पाणी जायचं बोटभर भोक बुजलेलं.
धुळीनं नाही. रुईनं.
हंगाम संपून महिने झाले तरी
गावोगावच्या जिनांतून उडालेली रुई,
ओली, राखाडी, तारेच्या आकड्याने ओढली
तर निघतच राहिली, निघतच राहिली.

मी पिंजारी.
चुलत्याने दारोदार गाद्या पिंजल्या, तांत वाजवत,
छातीत रुई भरून खोकत गेला.
मी ठरवलं होतं, या कामाला हात लावायचा नाही;
भुसावळला जाऊन गॅस भरायला शिकलो.
तर ही बया इथे, टपावर चढून बसलेली.

गास्केट कळण्याच्या शिळ्या भाकरीसारखं,
वाकवलं की तुटणारं. नवं घातलं.
चार बोल्टांपैकी तीन आवळले, हलक्या हाताने;
रागाने पिळलं तर फोम चेपतो
आणि मग गळतंच गळतं.
चौथ्याचे आटे गेलेले. त्याला तार बांधली.

मग पाणसळ ठेवली.
बुडबुडा ड्रायव्हरच्या बाजूला पळाला.
म्हणजे भोक चढाला आणि पाणी उताराला;
बिचारं जाणार कुठे? खोलीत.
"रोहिदासभाऊ, डाव्या चाकांखाली फळ्या.
घ्या पुढे. अजून. अजून जरा. बस."
बुडबुडा दोन रेघांमध्ये येऊन थरथरला
आणि गप्प झाला.

"पण मुळात पाणी येतं कुठून?" वर्षाताईंनी विचारलं,
"बाहेरची हवा तर कुरडई वाळवावी अशी."
म्हटलं, तुमच्या दारातून येतं.
सकाळपासून किती जण तपासले? साठ?
साठ जणांचा श्वास, मानेवरचा घाम,
लाळ गळणारं ते मघाचं पोरगं,
त्यात दारातला कूलर.
हे सगळं गार नळ्यांना चिकटतं आणि थेंब होतं.

त्या डब्यात बघत राहिल्या.
केसरबाईही वाकल्या,
जणू त्यातलं आपलं ओळखू येईल.
"मंग हाई आमनंच शे," म्हणाल्या,
आणि डबा उचलून
बाहेर लिंबाच्या मुळाशी ओतून आल्या.

छताच्या प्लायवर डाग आहे, तपकिरी, कडेला फुगलेला.
तो जाणार नाही, आधीच सांगितलं.
आठ दिवस वाळू द्या, घाईने रंग मारला
तर आतल्या आत कुजेल.
नवं भिंग लावून वर्षाताई विचारत होत्या,
तिसरी ओळ दिसते का, चौथी?
केसरबाई तक्त्याकडे बघतच नव्हत्या,
मान वर करून डागाच्या कडा बघत होत्या,
एकेक, अगदी सावकाश.

परवा गाडी एरंडोलला.
बोल्ट तिथे आणून देईन.
तोवर तार आहे.
खड्डे सांभाळून.