चार बोटं उजेड

उद्यमनगरात, वेल्डिंगवाल्याच्या मागच्या बोळात
घोरपडे शेठचा संगणक रात्रभर लोखंड ओततो.
खरं नव्हे, पडद्यावरचं.
पंपाच्या बॉडीत रस कुठून शिरेल,
हवा कुठं अडकेल, कुठं भोक पडेल,
हिशेब करता करता सकाळचे सहा वाजतात
आणि पडद्यावर अजून एकोणसत्तर टक्के.

"पळीव की जरा ह्याला," शेठ म्हणतात,
"लागंल तेवढा पैसा घे."
स्क्रू ड्रायव्हर दातात धरून मी मान हलवतो.
सात वर्षांत चौथ्यांदा पळवतोय मी याला.

आज मात्र सांगून टाकलं,
की याच्या छातीत सेकंदाला चार अब्ज ठोके पडतात
आणि एका ठोक्यात उजेड,
ज्याच्या पुढं कुणीच पळू शकत नाही, तो उजेड,
जातो फक्त एवढा.
टेबलावरच्या काळ्या वाळूत
मी चार बोटं आडवी ठेवली.
याच्या पलीकडं निरोप धाडायचा
तर पुढच्या ठोक्याची वाट बघायची.

शेठ बोटांकडं बघत राहिले.
"मग घर बारकं बांध."

बरोबर बोलले.
घर बारकंच होत आलंय,
भिंती आता अणू मोजून रचतात,
आणि भिंत फारच पातळ झाली
की आतला ऐवज पलीकडं सापडतो,
कुंपण मोडून नव्हे,
कुंपणातून.

इथं थांबायला हवं होतं.
पण मला पुसण्याबद्दलही बोलायचं होतं:
मोजणं एक वेळ फुकट होईल,
पुसणं होणार नाही.
शून्य होतं की एक, एवढं विसरायलाही
कणभर ऊब जगाला द्यावीच लागते.
कसलाही कारागीर येऊ दे,
हा जकातनाका चुकत नाही.

दारात इलाही मुल्लाणी ऐकत होते.
अडतीस वर्षं भट्टीवर, भुवया कधीच जळून गेलेल्या.
"म्हंजे इसरायलाबी जाळ लागतोय म्हण की."
"तुला रं काय इसरायचंय?" शेठ हसले.
मुल्लाणी तंबाखू मळत राहिले.
मग कालच्या साच्याकडं हात करून म्हणाले,
"ह्यो उद्याच उघडायचा. आज उघडला तर तडकंल."

मी पंख्यातली धूळ काढली, नवा पंखा बसवला,
बिलात पंख्याचे साडेसातशे लावले.
चार बोटांचे काही लावले नाहीत.

जाताना रंकाळ्यावर गाडी उभी केली.
पलीकडच्या काठावर कुणीतरी
कणसाच्या गाडीवरचा दिवा लावला.
किलोमीटरभर पाणी ओलांडून
तो माझ्या डोळ्यांपर्यंत यायच्या आत
शेठच्या यंत्राचे तेरा हजार ठोके पडून गेले असतील.

मला तो
लावल्या लावल्या दिसला.