मागचं माणूस

माझं काम सोपं. पिवळं जाकीट घालायचं,
हातात मोजणीचं यंत्र, आणि सगळ्यांच्या मागे चालायचं.
एकसष्ट माणसं वर निघाली,
एकसष्ट खाली आली पाहिजेत.
अठ्ठावीस वर्षं या वेल्श खोऱ्यात बस चालवली,
डोकी मोजायची सवय आहे मला.

या नाटकाला खुर्च्या नाहीत.
नाटक चालतं, आपण त्याच्या मागून.
चॅपलच्या पायऱ्यांना यांनी फाटा दिलाय,
कारण इथेलची चाकाची खुर्ची पायऱ्या चढत नाही;
मग ट्रॉलीच्या जुन्या रुळांवरून,
मेंढ्यांच्या फाटकातून, घरांच्या मागून वाट.
जन्म गेला इथे,
पण गावाची पाठ मी आजच पाहिली:
गंजलेली पन्हळ, कोबीचे दोन वाफे,
भुरभुर पावसात विसरलेले कुणाचे तरी मोजे.

खाणीच्या तोंडाशी एलुनेद उभी. तिला ऐकू येत नाही.
तिनं सुरुंग उडवला, नुसत्या दोन हातांनी.
बोटं आवळली, फुटली,
आणि मग धुरळा
कितीतरी वेळ
खाली बसत राहिला.
शेजारी टेगिड म्हातारा पुटपुटला,
आजोबांचे कान सुरुंगानंच नेले,
आमच्याकडे जेवताना सगळे हातांनीच बोलायचे.
मीठ मागायची खूण अजून येते मला.
गल्लीत तेव्हा असे निम्मे.
कुणी कुणाला नाव ठेवलं नाही.

पुढे नेस्ट. ती डोळ्यांनी पाहत नाही,
काठीनं दगडांचे ढीग वाजवत जाते.
जाड दगड ठक्क,
पातळ पाटी जवळजवळ गाते.
आम्ही त्या आवाजामागे, कुणी न सांगता,
बोलणं थांबवून.

आणि मग इथेल.
त्याच्या तोंडात शब्द सरळ येत नाही,
मान वळते, खांदा वळतो, हात भलतीकडे जातो,
तेव्हा कुठे एक अक्षर सुटतं.
खाणीच्या मुकादमाचं वाक्य होतं.
आम्ही समजल्यासारख्या माना डोलावल्या.
मॅब्ली, वय सहा, मोठ्यानं म्हणाली,
काय म्हणाला तो?
तिची आई लाल झाली.
इथेलनं वाक्य पुन्हा म्हटलं. नाटकात नव्हतं ते.
पुन्हा काय? पुन्हा म्हटलं.
तिसऱ्यांदा तिनंच ते मोठ्यानं सांगितलं, सगळ्यांना:
दगडाला मारू नका, त्याचा पदर शोधा,
तो आपण होऊन उघडतो.
इथेल हसला. त्याचं हसणं मात्र
पहिल्याच वेळी कळलं सर्वांना.

आता माझं सांगते.
मार्चातला मंगळवार, सात मिनिटं उशीर,
वळणावरच्या थांब्यावर एक खुर्ची, एक वर केलेला हात.
उतरती फळी काढायला चार मिनिटं लागतात.
मी आरशात पाहिलं,
म्हणजे थांबा मागे पडल्यावर पाहिलं.
हात तसाच वर होता.
बारा वर्षं झाली.
आज त्याच खुर्चीच्या वेगानं
सारं गाव डोंगर चढलं,
आणि सगळ्यांत मागे मी. कुणालाच उशीर झाला नाही.

खाली आलो. साठ. पुन्हा मोजलं,
एकसष्ट; टेगिड भिंतीआड लघवीला गेला होता.
दिवे मालवले. इथेल माझ्यापाशी येऊन थांबला,
मान वळली, खांदा वळला,
काहीतरी म्हणाला.
मला वाटलं, आलं ते. त्याला आठवतंय.
मान डोलावून सुटता आलं असतं.
काय म्हणालात? मी विचारलं.
त्यानं पुन्हा म्हटलं.
मी पुन्हा विचारलं.

तुमचं जाकीट उलटं आहे, बाई.

खरंच होतं. चमकता पट्टा आत,
शिवण बाहेर, सबंध संध्याकाळ.
काढलं, ओल्या बाह्या उलटवल्या,
एक अडकली, चेन लागेना.
तोवर तो थांबला होता.