मुंजाजी वॉल्व्हमन निरोगी आहे

अट एकच होती : माणूस निरोगी पाहिजे.
अंबाजोगाईत असा शोधायला त्यांना तीन आठवडे लागले
आणि सापडलो मी,
नगरपालिकेचा वॉल्व्हमन, वय एकेचाळीस,
बिडी नाही, गोळी नाही, साखर नाही,
फक्त उजव्या तळव्याला लोखंडी चावीचा घट्टा.

मेडिकल कॉलेजचा दुसरा मजला. खाट.
एका दंडाला पट्टा, दुसऱ्या हातात सुई.
"घाबरू नका मुंजाजीभाऊ," नुझहत मॅडम म्हणाल्या,
"बाटलीतलं हे परकं नाही.
तुमचं हृदयही हेच बनवतं."
बनवतं?
मी तर समजत होतो, ती नुसती मोटर आहे.
"मोटर आहेच. पण वर दोन छोट्या टाक्या आहेत.
टाकी ताणली की तिच्या भिंतीच चिठ्ठी धाडतात."

कुणाला?
मूत्रपिंडाला : मीठ सोड, पाणी सोड.
नळ्यांना : जरा सैल व्हा.
आणि 'धरून ठेवा, धरून ठेवा' म्हणत
अंगभर दवंडी पिटणारा जो दुसरा आहे,
त्याला : तू बस आता गप.

उताणा पडून मी विचार करायलो.
बावीस वर्षं रविवार पेठेच्या तोंडाशी
खड्ड्यात उतरतो, चावी फिरवतो.
आठव्या दिवशी पाणी, तेही चाळीस मिनिटं.
आमची टाकी काठोकाठ भरलेली
मी एकदाच पाहिली, धनेगाव भरलं त्या साली.
ओव्हरफ्लोच्या पाइपातून धार पडायली
अन् बाया खाली घागरी घेऊन भांडायल्या.
सोडायचं?
आमच्याकडं पाणी धरतात.
आणि इथं, बरगडीच्या चार बोटं आत,
हिशेबच उलटा :
भरलं, तर दे.

पट्टा फुगायचा, दंड आवळायचा,
फुस्स करून सोडायचा.
एकशे अठरा, शहात्तर.
एकशे सोळा, चौऱ्याहत्तर.
मॅडमचा विद्यार्थी, माजलगावचं पोरगं, हिरमुसलं :
"फारसं उतरलं नाही, मॅडम."
"नाहीच उतरणार. निरोगी आहे तो.
इकडं सैल केलं की तिकडं आवळून घेतो.
नाडी बघ."
नाडी चार ठोक्यांनी वाढली होती.
मला न विचारता.

मग लागली लघवीला.
मापाचं भांडं दिलं त्यांनी. आकडा लिहिला. पुन्हा दिलं.
तिसऱ्या वेळी मला घाटनांदूरची बारव आठवली,
गळ्याइतक्या पाण्यात उभी आम्ही पोरं,
घटकेघटकेला पायऱ्या चढून बाभळीमागं पळायचो
आणि आत्या काठावरून ओरडायची,
"गार पाणी बाधलं मेल्यांना!"

सांगितलं, तर मॅडमनी पेन खाली ठेवलं.
"बाधलं नव्हतं. पाणी चहूकडून दाबतं,
पायांतलं रक्त छातीत चढतं,
टाकी ताणते,
हृदयाला वाटतं, फार झालं."

फार झालं.

ह्या मुलखात जन्मलेल्या माझ्या हृदयाला
दर उन्हाळ्यात, नऊ-दहा वर्षांचा असताना,
असं वाटून गेलं होतं
आणि मला आज कळायलंय.

सुई निघाली. "थोड्या मिनिटांत चिठ्ठी विरते," त्या म्हणाल्या,
"शरीर जुने निरोप ठेवत नाही."
दोन केळी, चहा, भत्त्याच्या पावतीवर सही.
पोरानं पाण्याचा ग्लास पुढं केला.
मी सवयीनं अर्धाच घेतला,
मग थांबलो,
उरलेलाही प्यालो.

चारला खड्ड्यात उतरलो. चावी लावली.
पाइप आधी खोकला, मग थरथरला.
शेवटच्या घरातून कुणी ओरडलं,
"भाऊ, प्रेशर नाही!"
ठरल्यापेक्षा अर्धा आटा
जास्त दिला.
वहीत लिहिला नाही.