अर्धी चौकट

ओकायात तळं गोठलं त्या आठवड्यात
तोकुएबाईंनी काउंटरवर कॅमेरा ठेवला.
"शटर अडकलंय. घाई नाही."

अठरा बाय चोवीस मिलिमीटर,
पुऱ्या चौकटीच्या बरोबर निम्मी.
छत्तीसच्या रिळात बहात्तर फोटो,
म्हणून तर घेतला, म्हणाल्या,
रेशीम गिरणीच्या पगारात.

नवऱ्याशी आकडाही छत्तीसचाच.
एका फोटोत दोघं कधी आली नाहीत.
सहलीला आधी तो हिला टिपायचा,
मग ही त्याला,
कॅमेरा तेवढा हातातून हातात. बोलणं नाही.

पाकिटातून एक फोटो निघाला, कोपरे झिजलेला.
लॅबमधल्या पोरानं चुकून
दोन अर्ध्या एकाच कागदावर छापलेल्या.
डावीकडे बाई, उन्हानं डोळे बारीक,
उजवीकडे कुराइशी, त्याच धक्क्यावर,
मधे केसाएवढी काळी रेघ.

"पैसे परत मागायला निघाले होते मी."

नातवाकडे आता मोठ्या सेन्सरचा आहे.
त्यात आख्खं तळं मावतं, डोंगरासकट.
त्या हसल्या नाहीत.

मी भिंग सरकवलं, सवयीनं,
डावीकडून उजवीकडे.
थंडी असणार तेव्हाही.
दोघांच्या गळ्यात एकच मफलर होता,
उसवलेल्या टोकाचा.